गाढवाच्या आयचं घर

आमच्या मच्छे गावात कुणी घर बांधायला काढलं, की आधी देवळात जातात आणि मग माझ्याकडं येतात. देव काही बोलत नाही आणि मी बोलते, एवढाच फरक. येणाऱ्याला वाटतं, म्हातारी मास्तरीण आहे, स्वतःच्या हातानं घर उभं केलेली बाई आहे, चहा पाजील, चार गोड शब्द सांगेल. चहा मी पाजते. गोड शब्द माझ्याकडं नाहीत. घर बांधणं म्हणजे भांडण. मातीशी, पाण्याशी, वाळवीशी, आणि त्या तिघांपेक्षा जास्त भावकीशी. ज्याला भांडायचं नसेल त्यानं खुशाल भाड्यानं राहावं.

सध्या लढाईमुळं सिमेंट मिळत नाही, लोखंड मिळत नाही, म्हणून लोक तोंड पाडून येतात. मी त्यांना उठवून माझ्या भिंतीवर थाप मारायला लावते. हिच्यात सिमेंटचा कण नाही. लोखंड म्हणाल तर दाराच्या कड्या आणि सुताराचे चार खिळे. आमच्याकडचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको, तो इतकी वर्षं हिच्यावर डोकं आपटतोय.

माझा पहिला सल्ला ऐकून बहुतेकजण हसतात. मी म्हणते, जागा बघण्याआधी, दगड आणण्याआधी, आधी स्वतःचा हात मोजा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. हसणाऱ्याला मग मी बसवून घेते आणि सगळी हकीकत सांगते. ती ऐकल्यावर अजून तरी कुणी हसलेलं नाही. म्हणजे हसतात, पण दुसऱ्या गोष्टीला.

माझं माहेर निपाणीचं. बाप तंबाखूच्या वखारीत कामाला होता आणि त्यानं मला हट्टानं मराठी चौथीपर्यंत शिकवलं. लग्न होऊन मी मच्छ्याला शेतकरी घरात आले. पुढं मानमोडीचा ताप आला, घरंच्या घरं ओस पडली, त्यात माझा नवरा गेला. पदरात दोन मुली राहिल्या. सासरच्या घरात थोरले दीर आणि जाऊ. मला आणि मुलींना न्हाणीशेजारची खोली मिळाली, तिच्या भिंतीला बारा महिने ओल. चौथीचं शिक्षण तेव्हा उपयोगी पडलं. वडगावच्या मुलींच्या शाळेत मला मदतनीस मास्तरणीचं काम मिळालं. सकाळी चालत जायचं, संध्याकाळी चालत यायचं. वाटेत विणकरांच्या घरांतून मागाचा खटका ऐकू यायचा आणि मी मनातल्या मनात त्या घरांच्या भिंती बघत जायची. कुणाचं जोतं खचलंय, कुणाची वळचण आखूड आहे, कुणी चुना कच्चा लावलाय. मला घराचं वेड तिथून लागलं.

थोरले दीर माणूस वाईट नव्हते, असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. एका संध्याकाळी जेवताना ते सहज बोलून गेले, "पोरींची लगनं झाली की तुला खोली कशाला गं? गोठ्याच्या माळ्यावर पडून ऱ्हाशील की." जाऊ भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. मी त्या रात्री जेवले, पोटभर जेवले. उपाशी माणसाकडून घर बांधून होत नाही.

सासऱ्यांनी जिवंतपणीच दोघा भावांना वाटून दिलं होतं. राहतं घर थोरल्याला, रस्त्यापलीकडची गोठ्याची जागा धाकट्याला. तो गोठा केव्हाच पडला होता. ती जागा माझी, हे गावाला मान्य होतं. त्या जागेवर मी घर बांधीन, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्या मनात आलं.

जागा घेतली की लगेच कुदळ मारू नका. एक अख्खा पावसाळा नुसतं बघा. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुणाच्या परड्यातून वाहून येतं. मी छत्री घेऊन त्या पडक्या गोठ्यात उभी राहायची आणि लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलंय. पाण्याची वाट मी बघून ठेवली, म्हणून माझ्या घरात आजवर पाणी शिरलेलं नाही. जे हसत होते त्यांच्या माजघरात दर श्रावणात घमेली ठेवावी लागतात. दुसरी गोष्ट, हातभर खोल खड्डा खणा आणि निघालेली माती त्याच खड्ड्यात परत भरा. माती उरली तर जमीन घट्ट. सगळी माती टाकूनही खड्डा भरला नाही तर खाली पोकळ आहे, तिथं पाया खोल न्या. माझी माती उरली. मी ती उरलेली ओंजळ दिरांच्या दारावरून मुद्दाम मिरवत नेली.

मग गवंडी आला. बेळगावच्या पलीकडच्या कानडी गावचा, कामाला चोख, मराठी बोलायचा पण अर्धं कानडीत. त्यानं जागा फिरून पाहिली, रस्त्याच्या कडेला थोरल्या दिरांशी काहीतरी बोलला. मी दगड वेचत होते. माझ्या कानावर एवढंच आलं, "ह्या घराला आय न्हाय. आय नसलेलं घर म्हंजे मसणवाटा."

आमच्या निपाणीकडं आईला आय म्हणतात. माझ्या मुलीही मला आयच म्हणायच्या. माझं डोकं फिरलं. मातीच्या हातानिशी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आय न्हाय म्हंजे? ही उभी हाय न्हवं आय! मानमोडीत पोरींचा बा गेला. आय न्हाय मेली."

गवंडी दोन पावलं मागं सरला. थोरले दीर पोट धरून हसायला लागले. गवंडी बिचारा हात जोडून सांगू लागला, "तसं न्हवं, आक्का. मनीगे आय बेकु. घराला आय पायजे. मापाचा आय."

तेव्हा मला तो दुसरा आय कळला. त्या भागातले गवंडी घराची लांबी-रुंदी हातांनी मोजतात, त्यांचा गुणाकार करून आठानं भागतात आणि बाकी उरेल त्यावरून घराचा आय ठरवतात. एक उरला तर झेंडा, मग धूर, सिंह, कुत्रा, बैल, गाढव, हत्ती, आणि काहीच नाही उरलं तर कावळा. एकाआड एक चांगला. सिंहाचा आय आला तर घरधनी गावावर राज्य करतो, कुत्र्याचा आला तर दारोदार फिरतो, असं ते सांगतात. आणि यात हात कुणाचाही चालत नाही. घरधन्याचाच हात लागतो. त्याच्या हाताएवढी बांबूची काठी तोडायची आणि जोत्यापासून आढ्यापर्यंत सगळं घर त्याच एका काठीनं मोजायचं.

"मग घरधनी कोण?" गवंड्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत थोरल्या दिरांनी बाही सारली. "हिचा दादला मी न्हाय, पर घरातला थोरला तरी हाय. घे माझा हात." मी गप्प बसले, कारण मला वाटलं हात तो हात, त्यात काय आहे. रस्त्यावर माणसं जमली होती. त्यांच्यादेखत गवंड्यानं दिरांच्या हाताएवढी काठी तोडली, जागा मोजली, बोटांवर हिशेब केला आणि "सिंह!" म्हणून ओरडला. थोरले दीर त्या दिवशी गावभर छाती काढून फिरले. जागा माझी, दगड माझे, आणि सिंह त्यांचा.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला कोपऱ्यावरची आक्का भेटली. तीही विधवा, माझ्या आईच्या वयाची, पुतण्याच्या सोप्यात एका कोपऱ्यात राहायची म्हणून तिला सगळे कोपऱ्यावरची म्हणायचे. तिनं घागर खाली ठेवली आणि मला विचारलं, "भावजीचा हात लावलास म्हनं?"

"लावला. का?"

"मीबी लावलता. पुतण्याचा." ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "घर माझ्या दागिन्यांचं, गं. पर भांडान पंचांत गेल्यावर त्यांनी एकच इचारलं, घर कुणाच्या हाताचं? ज्याचा हात त्याचं घर. हितं तसंच हाय. तुला निपाणीच्या बाईला कुठनं ठावं असनार."

मी घागर तशीच विहिरीवर सोडून घरी आले. काठी गोठ्याच्या ढिगाऱ्यात खोचून ठेवलेली होती. ती उपसली, न्हाणीच्या चुलीत घातली आणि तिच्यावर मुलींच्या आंघोळीचं पाणी तापवलं. बांबू चुलीत फटाफट फुटतो. तो आवाज ऐकून जाऊ आली, तिनं चुलीत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. पाणी मात्र छान कढत झालं होतं.

सकाळी गवंडी आला तेव्हा मी जागेवर माझा हात आडवा धरून उभी होते. "काठी तोड. ह्या हाताची."

गवंडी गडबडला. कुंकू नसलेल्या बाईचा हात त्यानं कधी घेतला नव्हता. मी म्हटलं, "कुंकू कपाळावर लावत्यात, कोपराला न्हाय." जमलेल्यांतली एकदोन माणसं हसली. थोरले दीरही आले होते, त्यांना अजून काठीचं काय झालं ते कळलं नव्हतं. गवंड्यानं शेवटी नाइलाजानं काठी तोडली, माझ्या कोपराला तिचं टोक टेकवताना सुद्धा अंग चोरून. जागा तीच, पण माझा हात दिरांपेक्षा आखूड, त्यामुळं मापं बदलली. त्यानं मोजलं, गुणाकार केला, भागाकार केला, परत केला. मीही शाळेतली मास्तरीण, मनातल्या मनात केला. बाकी उरली ती उरली.

गवंडी हळूच म्हणाला, "गाढव."

मग थोरल्या दिरांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंसा का रं? घराची आय गाढव निघाली!" आणि सगळा रस्ता हसायला लागला. आय हा शब्द एवढा कामाला येईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

मला राग आला. खूप आला, खोटं कशाला बोलू. डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं. मी म्हटलं, "व्हय. गाढवच. ओझं वाहील, आन् मागं कोण आला तर लाथबी घालंल."

गवंड्यानं माझी समजूत काढली. मागची खोली एक हात आत घेतली तर बैलाचा आय येतो, बैल चांगला. मागची खोली मुलींची होती. एक हात म्हणजे एका मुलीला झोपायला लागते तेवढी रुंदी. माझ्या मुलीनं गवंड्याच्या बैलासाठी का सरकून झोपायचं? मी नाही म्हटलं. त्यानं हात जोडले. "आक्का, गाढवाचं घर मी बांधलं, तर उद्या मला काम कोन देनार?" त्याचंही खरं होतं. त्यानं माझी काठी माझ्या हातात दिली, सामान उचललं आणि गेला. गावातला दुसरा कुणी येणार नव्हता, हे मला माहीत होतं. मी मुलींना म्हटलं, पदर खोचा.

इथून पुढं जे सांगते ते ज्यांना स्वतः बांधायचं आहे त्यांनी नीट ऐकावं.

काटकोनासाठी गवंडी लागत नाही. दोरीला सारख्या अंतरानं बारा गाठी मारा, तीन, चार आणि पाच अशा बाजू ताणा, कोपरा चोख येतो. ओळंब्यासाठी दोरा आणि एक गोल दगड पुरतो. जोत्यासाठी पडक्या गोठ्याचेच दगड वापरा. ज्या दगडांनी एक घर सोसलंय ते दुसऱ्याला दगा देत नाहीत. जोतं गुडघ्याएवढं तरी घ्या, लोक "देऊळ बांधाल्यास काय गं?" विचारतील, विचारू द्यावं.

माती भिजवली त्याच दिवशी तुडवायची नाही. पाणी घालून, भाताचं काड कापून घालून ती मुरू द्या, वास येईपर्यंत मुरू द्या, मग तुडवा. आम्ही तिघीजणी तुडवत होतो आणि चौथ्या दिवशी कोपऱ्यावरची आक्का लुगडं गुडघ्यावर खोचून खड्ड्यात उतरली. मी तिला बोलावलं नव्हतं. पुतण्याला ती काय सांगून आली होती देव जाणे, पण सगळ्यांत जोरात तीच तुडवायची. मातीत ती त्या पुतण्यालाच तुडवत असावी.

मातीची भिंत एका दिवसात गुडघ्याच्या वर चढवू नका. वाळू द्या, मग पुढचा थर. हे मला माहीत होतं आणि तरी एका दिवशी मी विसरले. थोरले दीर रस्त्यावर खाट टाकून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "बघा, गाढवाच्या आयचं घर" म्हणून दाखवत होते. मला इतका ताव आला की मी दोन थर एकावर एक चढवले. दुपारपर्यंत भिंतीचं पोट सुटलं, संध्याकाळी ती बसली. दिरांनी खाटेवर बसूनच टाळ्या वाजवल्या. ती माती आम्ही उकरली, परत भिजवली आणि परत चढवली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, रागानं माती तुडवा, चांगली मळली जाते. रागानं भिंत चढवू नका.

भिंती झाल्यावर छपराचा प्रश्न आला, कारण आढं चढवणं आमच्या हातातलं काम नव्हतं. लाकूड मी गुंजीच्या बाजूनं मागवलं होतं, तिथून सुतारही मिळाला. मी त्याला आधीच सांगून टाकलं की घराला गाढवाचा आय आहे, यायचं असलं तर ये. तो तंबाखू मळत म्हणाला, "आय भिंतींचा आसतो, बाई. छपराला आय नसतो." असा माणूस मिळाला तर त्याला सोडू नये. लाकूड घेताना त्याच्यावर कान ठेवून दुसऱ्या टोकाला टकटक करा, ओलं असलं तर आवाज बुजरा येतो. भिंतीत जाणाऱ्या टोकांना बिब्ब्याचं तेल चोपडा, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, पण हाताला फडकी बांधा, बिब्बा उततो. आणि वळचण लांब काढा. सुतार कंजुषी करतो, लाकूड तुमचं असलं तरी करतो. आमच्याकडं पाऊस डोंगरावरून तिरका येतो, मातीच्या भिंतीला तो आधी खालून खातो. भिंतीच्या पायथ्याला चुन्याचा गिलावा द्या, पण चुनकळी पुरी विरवून, गाळून, मुरवून. घाई केलीत तर न विरलेला खडा वर्षभरानं भिंतीतून फुटतो आणि तुमच्या घाईची चुगली करतो.

कौलं खानापूरच्या कुंभारांकडून आली. कशावरून आली? गाढवांवरून. गाढवांची रांग रस्त्यानं येताना बघून थोरले दीर खाटेवरून उठूनच उभे राहिले. "आलं रं आलं, माहेर आलं आयचं!" अख्खी आळी बाहेर आली. मी काय करावं? मी प्रत्येक गाढवाला चारा घातला, पाणी पाजलं आणि धाकट्या मुलीला सांगितलं की यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घाल. तिनं घातल्या. कुंभार लाजून लाल झाला. त्या दिवसापासून माझ्या घराचं नाव गावात पक्कं झालं. कुणी पत्ता विचारला तर लहान पोरगंसुद्धा सांगायचं, गाढवाच्या आयच्या घरापासून डाव्या हाताला.

आम्ही राहायला गेलो आणि थोरले दीर पंचांकडे गेले.

मला त्याची भीती होतीच. पंच माझ्याच सोप्यात येऊन बसले, माझ्याच जोत्यावर पाय सोडून. पंचांतला सर्वांत म्हातारा माणूस भिंतीला टेकला होता आणि अधूनमधून ती चाचपत होता. दिरांनी बोलायला सुरुवात केली. जागा वाडवडिलांची. धाकटा भाऊ गेला. पोरी उद्या लग्न होऊन परक्या घरी जाणार, विधवा बाई एकटी घर घेऊन काय करणार? शिवाय घर त्यांनीच मोजून दिलंय. "इचारा गावाला," ते म्हणाले, "माझ्या हाताची काठी तोडली तवा निम्मं गाव हितं हुतं."

म्हाताऱ्या पंचानं माझ्याकडं पाहिलं. "काय गं? ह्येंच्या हाताची काठी तोडलीती?"

तोडली होती. खोटं कसं बोलणार? निम्म्या गावानं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी माझीही तोडली होती, पण घर कुठल्या काठीनं उभं राहिलं? ती पहिली काठी मी चुलीत घातली, हे सांगून पटणार कुणाला? जाऊ दाराआड उभी होती, तिनं पाहिलं होतं, पण ती नवऱ्याविरुद्ध बोलणार नव्हती आणि मी तिला तसं बोलायला लावणारही नव्हते. माझ्या दोन्ही मुली माझ्या मागं चिकटून उभ्या होत्या. त्यांच्यामुळं माझं डोकं शांत झालं.

मी म्हटलं, "तोडली. पर मला एक सांगा, भावजींच्या हातानं मोजलं तवा आय कुठला आलता?"

"सिंह," दिरांनीच सांगितलं, छाती काढून. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. ते सिंहाबद्दल कितीतरी दिवस सांगत फिरले होते.

"सिंहाचा आय आलता, सगळ्यांनी ऐकलं. मग ह्या घराला गाव काय म्हणतंय?"

रस्त्यावर उभी असलेली पोरं एका सुरात ओरडली, "गाढवाच्या आयचं घर!"

"ह्ये नाव कुणी पाडलं?"

सगळ्यांच्या माना थोरल्या दिरांकडं वळल्या.

मी म्हटलं, "सिंहाच्या मापानं बांधलेलं घर गाढवाचं कसं झालं, भावजी? तुमचा सिंह खरा, तर गाढव कुठनं आलं? आन् गाढव खरं, तर ते कुणाच्या हातानं आलं ते तुमीच सांगा. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं तुमीच हसलासा."

म्हातारा पंच आधी हसला. मग सगळेच. हसता हसता त्याला ठसका लागला, पाणी प्यावं लागलं. शेवटी तो म्हणाला, "हात बाईचा. घर बाईचं. उठा रं, चला." थोरल्या दिरांनी स्वतःच महिनाभर पेरलेलं बी त्यांच्यासमोर उगवून आलं होतं. कोपऱ्यावरची आक्का रस्त्याच्या कडेला उभी होती. ती हसली नाही. ती आत आली, माझ्या सोप्यातल्या कोपऱ्याकडं न बघता सरळ मधोमध बसली आणि म्हणाली, "पानी दे गं." पुढं ती शेवटपर्यंत आमच्याकडंच राहिली, आणि कोपऱ्यात कधी बसली नाही.

माझ्या हाताची ती काठी सुताराकडून मी आढ्याला बांधून घेतली होती. अजून तिथंच आहे. वर पाहिलं की दिसते, धुरानं काळी पडलेली.

मागच्या दिवाळीत धाकटी मुलगी आली. तिच्या नवऱ्यानं वडगावला जागा घेतलीय, मागासाठी खोली आणि पुढं सोपा बांधायचा आहे. सिमेंट नाही, लोखंड नाही, म्हणून ती घाबरून माझ्याकडं आलेली. मी तिला माती, वळचण, चुना, सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि वर बघत होती. मग म्हणाली, "आय, ती काठी दे की. तुझ्या हातानं मोजीन. तुझा हात लई खंबीर."

मी म्हटलं, "देत न्हाय."

तिचं तोंड उतरलं. माझ्या हाताचं घर हे आहे, मी तिला सांगितलं, आणि यात ती लहानपणी सरकून न झोपता झोपली. तिच्या घरात माझा हात कशाला? जावयाचाही नको, सासऱ्याचा तर नकोच. भांडण झालं तर पंच काय विचारतात ते तुला माहीत आहे. "घराला आय लागतो म्हनत्यात. तुझ्या घराला आय न्हाय काय? तू काय मेलीस?"

ती हसली. बाही सारून तिनं हात माझ्यासमोर आडवा धरला. परसातून मी बांबू आणला, तिच्या कोपराला टेकवला आणि मधल्या बोटाच्या टोकाशी कोयत्यानं खूण केली. माझ्यापेक्षा बोटभर लांब निघाला.